तळहातावरचा बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात रस्त्यावर उतरतात ते लाकडी बैल. श्रावणी अमावास्येला शेतात राबणाऱ्या जित्या बैलांचा मान होतो, पाडव्याला लहान मुलांच्या बैलांचा. हा तान्हा पोळा. चार चाकांवर उभा केलेला लाकडाचा नंदी, गळ्यात घुंगरू, पाठीवर झूल, शिंगांना बेगड आणि कपाळाला बाशिंग. दोरी धरून त्याला ओढत नेणारं पोरही धोतर-फेट्यात शेतकरी झालेलं असतं. मैदानात तोरण बांधतात, सजावटीला बक्षिसं ठेवतात, आणि मग मुलं घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. त्याआधी काही दिवस बाजारात मुठीत मावणाऱ्या बैलापासून दोघांनी मिळून उचलावा लागणाऱ्या नंदीपर्यंत सगळे आकार मांडलेले दिसतात. सणाचा धागा भोसल्यांच्या काळापर्यंत नेला जातो. प्राण्याच्या छोट्या प्रतिकृतीला वर्षातला एक अख्खा दिवस देणारी शहरं फार नसतील.

पॉलिमर क्लेपासून घरच्या घरी छोटे प्राणी घडवण्याच्या छंदाची ओळख नागपूरपासून करून द्यायची ती एवढ्यासाठी. क्लेचं पाकीट परदेशी बनावटीचं असेल, पण तळहातावर मावेल एवढा प्राणी करून बघण्याची हौस इथे बाहेरून यावी लागत नाही. विदर्भात मुली भुलाबाईची मातीची मूर्ती मांडतात. ज्यांच्या गोठ्यात जनावर नाही, त्यांच्या पाटावर पोळ्याला मातीचे बैल येतात. दिवाळीत किल्ल्याच्या गुहेत मातीचा वाघ बसतो. महालातल्या चितारओळीत तर पिढ्यान्‌पिढ्या मूर्ती घडत आल्या आहेत. गणपतीच्या पायाशी बसणारा उंदीर हाही प्राणिशिल्पाचाच नमुना आहे, आणि चांगल्या कारागिराचा हात त्या उंदरातही ओळखू येतो.

ही हौस किती जुनी आहे, ते पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात दिसलं. घोड नदीकाठच्या या गावात डेक्कन कॉलेजने 1968 पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची एक लंबगोल डबी पुरलेली सापडली. डबीत एक स्त्रीमूर्ती होती, तर डबीच्या झाकणावर दुसरी, बिनमुंडक्याची स्त्रीमूर्ती आणि एक बैल. या दुसऱ्या मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक होतं. बारीक काडी घातली की देवी बैलावर बसत असे. सगळं काम कच्च्या मातीचं, न भाजलेलं, आणि तरीही 3,000 वर्षांहून अधिक काळ जमिनीखाली टिकलेलं. प्राण्याला आधार देण्यासाठी आत काडी घालायची युक्ती आजचा पॉलिमर क्लेवाला रोज वापरतो, फक्त काडीच्या जागी तार असते.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला 1974 मध्ये सापडलेले कांस्याचे प्राणी सर्वश्रुत आहेत. त्यांतला गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत आणि दोन बैल रथ ओढताहेत. नागपूरच्या अगदी जवळ, माहुरझरीच्या शिळावर्तुळांच्या परिसरातल्या लोहयुगीन दफनांमध्ये तांब्याच्या झाकणांवर मुठीच्या जागी छोटे पक्षी बसवलेले मिळाले. झाकण उचलायला साधी गोळी पुरली असती. तिथे पक्षी बसवावासा वाटला, यातून त्या कारागिराबद्दल बरंच काही कळतं.

मातीचं काम घरात करताना अडचण येते ती भट्टीची. कच्ची माती पाण्याने विरघळते आणि पडली की फुटते. पक्की करायची तर कुंभाराचा आवा हवा. फ्लॅटच्या बाल्कनीत आवा लावता येत नाही. शाळेच्या डब्यातलं प्लॅस्टिसिन कधीच कडक होत नाही, त्यामुळे संध्याकाळचा हत्ती सकाळी पुन्हा गोळा होतो. एम-सीलसारख्या दोन भाग मळून लावायच्या लांबीने गेल्या पिढीत घरोघरी माठ आणि बाटल्या सजल्या, पण ती मळल्यावर थोड्या वेळात घट्ट होऊ लागते, घाई करायला लावते. फेविकॉल आणि कॉर्नफ्लोअर शिजवून केलेली क्ले स्वस्त पडते, मात्र वाळताना आक्रसते. पॉलिमर क्ले या सगळ्यांच्या मधली रिकामी जागा भरते. हवे तितके दिवस मऊ राहते आणि घरातल्या ओव्हनमध्ये कायमची पक्की होते.

नाव क्ले असलं तरी तिच्यात माती नाममात्रही असेलच असं नाही. ती पीव्हीसीची अतिशय बारीक पूड आहे. तिला मऊपणा देणारं तेलासारखं द्रव्य, रंग आणि थोडं भरणाचं साहित्य घालून ती मळलेली असते. कच्ची असताना ते द्रव्य पीव्हीसीच्या कणांभोवती असतं. उष्णता मिळाली की कण ते शोषतात, फुगतात आणि एकमेकांत मिसळून सलग होतात. कुंभाराच्या मातीतून पाणी निघून जातं म्हणून ती आक्रसते आणि तडकते. इथे पाणीच नाही, त्यामुळे भाजण्याआधीचा आणि नंतरचा प्राणी जवळजवळ एकाच मापाचा राहतो. मिशीएवढी बारीक रेघही जशीच्या तशी उतरते. छोट्या प्राण्यांसाठी या साहित्याचा सगळ्यात मोठा गुण हाच.

तिचा जन्म बाहुल्यांच्या घरातला. जर्मनीत केथे क्रुझे ही नावाजलेली बाहुलीकार होती. बाहुल्यांची डोकी घडवण्यासाठी तिच्याकडे असं एक साहित्य आलं, पण कारखान्याला ते सोयीचं पडलं नाही. तिची मुलगी फिफी रेबिंडर त्याच्याशी खेळत राहिली, तिने ते सुधारलं आणि 1964 मध्ये त्याची कृती एबरहार्ड फाबर कंपनीला विकली. आज जगभर विकली जाणारी फिमो ती हीच. अमेरिकेतल्या स्कल्पीची हकिगत वेगळी सांगतात. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातली उष्णता वाहून नेण्यासाठी केलेलं मिश्रण त्या कामी नापास झालं आणि पडून राहिलं. ते हाताने घडवता येतं आणि भाजता येतं, हे मग कुणाच्या तरी लक्षात आलं.

जर्मनीच्या थंड हवेत वाढलेल्या या साहित्याला नागपूरचा उन्हाळा मात्र मानवत नाही. मे 2013 मध्ये या शहरात पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि 45 अंश तर इथे दर उन्हाळ्यात गृहीतच धरलेले असतात. क्ले पूर्ण पक्की व्हायला 110 ते 135 अंश लागतात हे खरं. पण दिवसेंदिवस चाळिशीच्या वर राहिलेलं पाकीट आतल्या आत अर्धवट पक्कं होऊ लागतं. मे महिन्यात मागवलेलं पार्सल गाडीत किंवा गच्चीवरच्या खोलीत पडून राहिलं, तर उघडल्यावर हाती भुगा येतो. म्हणून इथल्या माणसाने वर्षाची खरेदी थंडीत करावी आणि पाकिटं घरातल्या सर्वात थंड कपाटात, उन्हापासून दूर ठेवावीत. कूलरच्या दमट हवेने क्लेचं काही बिघडत नाही. बिघडवते ती उष्णता.

उन्हाळ्यात दुसरी अडचण हाताच्या उबेची. क्ले ढिली पडते, पाय वाकतात, नुकताच कोरलेला डोळा बोटाखाली पुसला जातो. यावर दोन उपाय आहेत. अर्धवट झालेला प्राणी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला की तो पुन्हा ताठ उभा राहतो. आणि क्ले मुळातच फार मऊ असेल तर ती पातळ लाटून दोन कोऱ्या कागदांमध्ये दाबून ठेवावी. जास्तीचं द्रव्य कागद शोषून घेतो, कागदावर तेलकट डाग उमटतो आणि क्ले पोळीच्या कणकेइतकी घट्ट होते. प्राणी घडवायला हीच अवस्था बरी.

आता प्रत्यक्ष घडवण्याकडे. उदाहरणाला घेऊ या गवळाऊ बैल.

वर्धा आणि नागपूर हा गवळाऊ जातीचा मुलूख. वर्धा जिल्ह्यातल्या हेटीकुंडीला या जातीच्या पैदाशीचं केंद्र आहे. डोंगराळ वाटांवर वेगाने ओझी नेण्यासाठी मराठ्यांच्या काळात ही जात जोपासली गेली असं सांगतात, आणि तिच्या अंगाकडे पाहिलं की ते पटतं. हाडं हलकी, बांधा सडपातळ. तोंड लांब आणि अरुंद, कपाळाची कड किंचित बाहेर फुगलेली. डोळे बदामी, शिंगं आखूड आणि बोथट. रंग पांढरा, पण बैलाच्या मानेवर, वशिंडावर आणि पुठ्ठ्यांवर राखाडी छटा. पश्चिम महाराष्ट्रातला खिल्लार याच्या शेजारी उभा केला तर आधी शिंगंच डोळ्यांत भरतील. लांब, मागे वळून वर निघालेली. बाजारातला लाकडी नंदी या दोघांपैकी कुणीच नसतो, तो सर्वांचा मिळून एक बैल असतो. घरी घडवणाऱ्याला मात्र गवळाऊच करता येतो, आणि त्यानेच करावा.

सहा सेंटिमीटर लांबीचा बैल करायचा तर आधी ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून, दाबून घट्ट अंडाकृती गाभा करायचा. यामुळे क्ले वाचते, वजन कमी होतं आणि मुख्य म्हणजे भाजताना उष्णता सगळीकडे सारखी पोहोचते. गाभ्यातून पायांसाठी तारा काढायच्या. वरून तीन-चार मिलिमीटरचा क्लेचा थर. गाभा आणि क्ले यांच्यात हवा अडकली तर भाजताना तिथे फोड येतो, म्हणून थर मधून कडेकडे दाबत न्यायचा.

नवशिका पहिल्यांदा चुकतो ते वशिंडात. तो वशिंड पाठीच्या मध्यावर बसवतो आणि बैलाचा उंट होतो. आपल्या बैलाचं वशिंड खांद्यांवर, मान संपते तिथे असतं. दुसरी चूक मागच्या पायांत. चारही पाय खांबासारखे सरळ केले की बैल टेबल दिसू लागतो. मागच्या पायाचा सांधा मागे वळतो, आणि तो एक कोन बरोबर आला की प्राणी आता चालू लागेल असं वाटतं. कान शिंगांच्या खाली आणि बाजूला. डोळे समोर नव्हेत, डोक्याच्या दोन्ही अंगांना. गळ्याखालची पोळी म्हणजे क्लेची पातळ पट्टी, ती हनुवटीपासून छातीपर्यंत चिकटवून सुईच्या आडव्या बाजूने दोन-तीन घड्या पाडल्या की पुरे. नाकपुड्या टाचणीने, खूर ब्लेडने मधोमध चिरून, डोळ्याची खोबण रिकाम्या बॉलपेनच्या टोकाने.

रंगाबद्दल थोडं. पाकिटातला पांढरा तसाच वापरला तर बैल प्लॅस्टिकचा दिसतो. त्यात मोहरीएवढा पिवळा आणि त्याहून कमी काळा मळला की दुधाळ, जिवंत पांढरा मिळतो. मानेवरची राखाडी छटा वेगळ्या क्लेने देऊ नये, तिथे सीमारेषा दिसते. चित्रकलेच्या सुक्या पेस्टलची कांडी खरवडून तिची पूड मऊ ब्रशने कच्च्या क्लेवर फिरवावी. क्ले ती धरून ठेवते, आणि भाजल्यावर छटा पक्की होते. पांढऱ्या क्लेचा शत्रू म्हणजे धूळ आणि कपड्यांचे तंतू. हात धुऊन, गडद सुती कपडे टाळून, गुळगुळीत सिरॅमिक टाइलवर काम करावं, आणि काळ्या रंगाला हात लावण्याआधी पांढरं संपवावं.

इतकं सगळं एका बैलासाठी का सांगायचं, असा प्रश्न पडेल. या छंदात साहित्य शिकायला एक महिना लागतो आणि प्राणी शिकायला वर्षं लागतात, म्हणून. तयार साचे, तयार डोळे आणि पांडा-युनिकॉर्नच्या ठरावीक आकृत्या बाजारात भरपूर आहेत. त्यांनी हात बसतो, यात शंका नाही. पण नागपूरकराला त्यांच्यावर थांबायचं कारण नाही. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, ताडोबा, नवेगाव-नागझिरा ही जंगलं काही तासांवर आहेत. महाराजबाग शहराच्या मध्यात आहे. जानेवारी 2021 मध्ये खुलं झालेलं गोरेवाडा प्राणी उद्यान शहराला लागून आहे. 1863 मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे नागपूरकरांच्या अजब बंगल्यात, भुसा भरलेले प्राणी आणि पक्षी न हलता समोर उभे असतात. रेखाटन शिकणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं?

पाहायचं काय, तेही ठरवून पाहावं. वाघाच्या कानांच्या मागच्या बाजूला पांढरा ठिपका असतो, आणि त्याच्या दोन कुशींवरचे पट्टे एकसारखे नसतात. समोरून काढलेल्या फोटोवरून घडवणारा ठिपका विसरतो आणि पट्टे आरशातल्यासारखे जुळवतो. रानगव्याच्या गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय असतात, आणि त्याच्या खांद्यांपासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच कणा गेलेला असतो. म्हशीच्या आकाराला पांढरे पाय लावले की गवा होत नाही. अस्वलाचं तोंड लांबट आणि फिक्या रंगाचं, छातीवर इंग्रजी व्हीसारखी पांढरी खूण, नखं लांब. राज्यप्राणी शेकरूची शेपूट अंगाएवढी किंवा त्याहून लांब असते, तेव्हा तिला आतून तार हवीच. प्रत्येक प्राण्याचं एक रेखाटन बाजूने, एक समोरून आणि एक वरून करून ठेवावं. वरून केलेलं रेखाटन सहसा कुणी करत नाही, आणि पोटाचा फुगवटा व खांद्यांची रुंदी कळते ती तिथेच.

आकार लहान असेल तर मांडणीही विचारपूर्वक हवी. जपानी कारागीर किमोनोच्या पट्ट्याला अडकवायची नेत्सुके नावाची तीन-चार सेंटिमीटरची कोरीव शिल्पं करत. ती दिवसभर कपड्यावर घासली जात, म्हणून त्यांतला उंदीर शेपूट अंगाभोवती गुंडाळून बसतो आणि बैल पाय पोटाखाली घेऊन रवंथ करतो. बाहेर आलेलं टोक मोडतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. पहिले काही प्राणी बसलेले, मुटकुळं करून झोपलेले करावेत, हा सल्ला तिथूनच घ्यावा. उभं हरीण नंतर करता येईल.

आणि मग भाजणं. बहुतेक प्राणी इथे बिघडतात.

प्रत्येक कंपनीचं तापमान पाकिटावर छापलेलं असतं. फिमोला 110 अंशांवर 30 मिनिटं सांगतात, तर स्कल्पीच्या पाकिटांवर 130 अंशांच्या आसपासचा आकडा आणि जाडीनुसार वेळ असते. घरातल्या ओटीजीच्या खटक्यावर 130 लिहिलेलं असतं तेव्हा आत 110 असू शकतात किंवा 160. म्हणून काही शे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर आत ठेवल्याशिवाय भाजू नये. कमी तापमानात भाजलेला प्राणी बाहेरून अगदी तयार दिसतो, पण महिन्याभरात त्याचा कान हातात येतो. बरोबर भाजलेली पातळ पट्टी वाकते, मोडत नाही, तेव्हा प्रत्येक वेळी प्राण्याबरोबर त्याच क्लेची एक पट्टी भाजावी आणि गार झाल्यावर वाकवून पाहावी. जादा वेळ फारसा बाधत नाही, जादा तापमान बाधतं. साधारण 175 अंशांच्या वर पीव्हीसी जळू लागतं आणि हायड्रोजन क्लोराइडचा डोळे-घसा झोंबवणारा वायू सुटतो. तसा वास आला तर ओव्हन बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि मुलांना बाहेर न्यावं. मायक्रोवेव्ह या कामाचा नाही. उकळत्या पाण्याचे 100 अंश बहुतेक कंपन्यांच्या सूचनेपेक्षा कमी पडतात. पांढरा बैल ओव्हनच्या कांडीजवळ तांबूस होतो, म्हणून त्याच्यावर फॉइलचा सैल तंबू करावा. भाजून झाल्यावर ओव्हनमध्येच गार होऊ द्यावा. गरम असताना तो मऊच असतो, आणि घाईने उचलला की पाय फाकतात.

गार झाल्यावर खडबडीत जागा पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरने घासाव्यात. कोरडं घासलं तर पूड नाकात जाते. रंगवायचं असेल तर ॲक्रिलिक वापरावा. चकाकीसाठी नेलपॉलिश लावायचा मोह आवरावा, कारण तिच्यातली द्रावकं क्लेशी जुळत नाहीत आणि पृष्ठभाग कायमचा चिकट होतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे साहित्य प्लॅस्टिक आहे. ते पाण्यात विरघळत नाही, मातीत मिसळत नाही. पोळ्याच्या पूजेनंतर शिरवायचे बैल आणि गणपतीचा उंदीर काळ्या मातीचे किंवा शाडूचेच करावेत. पॉलिमर क्लेचा प्राणी ठेवण्यासाठी असतो. अगदी लहान मुलांच्या हाती ही क्ले देण्याचीही गरज नाही. पूर्वीच्या क्लेंमध्ये थॅलेट जातीची मऊपणा आणणारी द्रव्यं असत. अमेरिकेत 2008 च्या कायद्याने मुलांच्या वस्तूंमधल्या अशा अनेक द्रव्यांवर बंधनं आली आणि मोठ्या कंपन्यांनी कृती बदलल्या. तरीही नाव-पत्ता नसलेली सुटी क्ले घेऊ नये, क्लेसाठी वापरलेलं लाटणं आणि ब्लेड स्वयंपाकघरात परत नेऊ नये, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि या क्लेच्या वाटीत खाऊ ठेवू नये. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ओल्या मातीचा गोळा द्यावा. वशिंड कुठे येतं ते त्यालाही मातीतूनच कळेल.

खर्चाचा अंदाजही द्यायला हवा. प्रसिद्ध कंपन्यांचं छोटं पाकीट साधारण 57 ग्रॅमचं असतं, आणि फॉइलचा गाभा वापरला तर त्यात तीन-चार छोटे प्राणी सहज होतात. वीस रंग एकदम घेऊ नयेत. पांढरा, काळा, लाल, पिवळा आणि निळा या पाचांतून विदर्भातला कोणताही प्राणी रंगतो. सुई, टाचणी, टूथपिक, जुनं बॉलपेन आणि फॉइल घरात असतंच. वाचकाने पहिल्या खेपेला पांढऱ्या क्लेचं एक पाकीट आणि एक ओव्हन थर्मामीटर घ्यावा, जवळच्या एखाद्या गोठ्यात परवानगी घेऊन अर्धा तास बसून बैलाची तीन रेखाटनं करावीत, आणि त्यानंतरच पाकीट उघडावं.